कमोडोर ६४: कॉम्प्युटरच्या आधी तयार झालेल्या दोन चिप्स

कमोडोर ६४ हा होम कॉम्प्युटर सहा आठवड्यांत तयार झाला, ही गोष्ट जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांत वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती खोटी नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये कमोडोर कंपनीचा संस्थापक जॅक ट्रॅमिएल याने फर्मान काढलं आणि जानेवारी १९८२ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात चालू स्थितीतली मशीन्स टेबलावर होती. पण सहा आठवड्यांत झालं ते बोर्ड जुळवण्याचं आणि त्याभोवतीचं काम. खरा घाम ज्यात गाळला गेला त्या दोन चिप्स, चित्रासाठीची व्हिक-टू आणि आवाजासाठीची सिड, आधीच होत आल्या होत्या. गंमत म्हणजे सुरुवातीला त्या कॉम्प्युटरसाठी नव्हत्याच. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी होत्या.

या प्रकरणात मला पाहायचं आहे ते एवढंच: हाताशी मर्यादित जागा आणि मर्यादित वेळ असताना या दोन चिप्समध्ये काय घेतलं गेलं, काय सोडलं गेलं, आणि सोडलेल्या किंवा चुकलेल्या गोष्टींचं पुढे काय झालं.

पार्श्वभूमी

सत्तरच्या दशकात कमोडोर कॅल्क्युलेटर विकायची. कॅल्क्युलेटरच्या चिप्स बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने स्वतःच स्वस्त कॅल्क्युलेटर बाजारात उतरवले आणि चिप्स विकत घेऊन धंदा करणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. ट्रॅमिएलने त्यातून एकच धडा घेतला: चिप दुसऱ्याकडून घ्यायची नाही. १९७६ साली त्याने पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिस्टाउनजवळची एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनी विकत घेतली. याच कंपनीने आदल्या वर्षी ६५०२ हा प्रोसेसर फक्त २५ डॉलरला विकायला काढून खळबळ उडवली होती. (नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेले, कॅसेट घालून खेळायचे जे 'व्हिडिओ गेम' होते, ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या, त्यांच्या पोटातही ६५०२ चाच भाऊबंद होता.)

एमओएसकडे चिप बनवण्याचा स्वतःचा कारखाना होता आणि आराखडे काढणारे इंजिनिअर त्याच आवारात बसत. या एका गोष्टीचं महत्त्व पुढे पदोपदी दिसतं. इतर कंपन्यांना नमुन्याची चिप हवी असली तर बाहेरच्या कारखान्याच्या रांगेत उभं राहावं लागे, पैसेही मोजावे लागत. इथे मात्र व्हिक-टूचे छोटे छोटे तुकडे स्वतंत्र चिप म्हणून काढून तपासले गेले. एखादा तुकडा चालला नाही तर आराखडा दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. कमोडोर स्वस्त कशी विकते हे कोडं प्रतिस्पर्ध्यांना पडायचं. उत्तर बरंचसं या आवारातच होतं.

जानेवारी १९८१ मध्ये तिथल्या इंजिनिअरांनी नव्या चिप्सवर काम सुरू केलं. चित्राची चिप अल शार्पेंटिएकडे, आवाजाची बॉब यानेसकडे, आणि वर देखरेखीला चार्ल्स विंटरबल. सुरुवातीला त्यांनी बाजारातली यंत्रं चाळली: अटारीचे ४०० आणि ८००, मॅटेलचं इंटेलिव्हिजन, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ९९/४ए. प्रत्येकात काय चांगलं आहे आणि ते आणखी दोन वर्षांनी कुठे पोचलं असतं, याचा अंदाज घेऊन त्यांनी आपली यादी केली.

वेगळी चिप हवीच कशाला?

हिशोब सोपा आहे. ३२० गुणिले २०० ठिपक्यांचा पडदा म्हणजे ६४ हजार ठिपके, एका ठिपक्याला एक बिट धरला तर ८ हजार बाइट. अमेरिकन टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवावं लागतं, म्हणजे ४ लाख ८० हजार बाइट सेकंदाला. प्रोसेसरचा क्लॉक जेमतेम दहा लाखांचा, म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके (सायकल), आणि मेमरीतून एक बाइट उचलायला त्याला चार-चार सायकल लागणार. चित्र टीव्हीपर्यंत नुसतं पोचवणंही त्याच्या आवाक्याबाहेरचं. वर खेळाचा हिशोब, आवाज, जॉयस्टिक हे सगळं आहेच. तेव्हा चित्र काढणारी चिप वेगळीच हवी, आणि तिने मेमरी स्वतः वाचायला हवी.

पण मेमरी एकच. दोन बिऱ्हाडांना एकच नळ असला की जशा वेळा ठरवून घ्याव्या लागतात, तसंच इथे झालं. ६५०२ च्या घराण्यातला प्रोसेसर प्रत्येक सायकलच्या अर्ध्या भागातच मेमरीला हात लावतो. उरलेला अर्धा भाग मोकळा. व्हिक-टू त्या मोकळ्या अर्ध्यात वाचते. दोघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. मेमरीतली माहिती विरू नये म्हणून तिला सतत उजाळा द्यावा लागतो, तेही काम व्हिक-टूच करते. एवढ्या स्वस्त यंत्रात इतकी नेटकी वाटणी मी तरी फार पाहिलेली नाही.

मात्र एक अडचण होती. अक्षरांच्या पडद्यावर ४० खाने आडवे आणि २५ ओळी उभ्या. दर आठव्या टीव्ही-रेषेला चिपला नव्या ओळीतल्या चाळीसही अक्षरांचे क्रमांक आणून स्वतःजवळ ठेवावे लागतात, आणि त्याच वेळी त्या अक्षरांच्या आकृत्याही वाचाव्या लागतात. अर्ध्या वाट्यात हे मावत नाही. मग व्हिक-टू प्रोसेसरला थांबवते आणि सुमारे ४० सायकल त्याच्या वाट्यातून काढून घेते. प्रोग्रामर अशा रेषेला 'बॅड लाइन' म्हणतात. युरोपातल्या मशीनवर एका रेषेत एकूण ६३ सायकल असतात, म्हणजे बॅड लाइनवर प्रोसेसरच्या हाती विसाच्या आसपास उरतात. चित्राच्या एका फेरीत १९,६५६ सायकल आणि त्यात २५ बॅड लाइन. नुकसान पाच टक्क्यांच्या आसपास. वेगाच्या दृष्टीने नगण्य. पण नियमितपणाच्या दृष्टीने मोठं, कारण ठरलेल्या क्षणी काही करायचं असेल तर प्रोसेसर त्या क्षणी जागा असेलच असं नाही. हा धागा पुढे डिस्क ड्राइव्हपर्यंत जातो.

जागेचा हिशोब

सिलिकॉनच्या एका वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, अनेक चिप्स एकत्र छापल्या जातात. चिप जितकी मोठी, तितक्या एका वेफरवर कमी, आणि प्रत्येकीत एखादा दोष सापडण्याची शक्यता जास्त. म्हणजे चिपचं क्षेत्रफळ हीच खरी किंमत. शार्पेंटिएच्या गटाने हवं-नको ते क्रमाने मांडलं आणि जागा संपेपर्यंत भरत गेले.

सगळ्यात जास्त जागा खाल्ली स्प्राइटनी. स्प्राइट म्हणजे पार्श्वभूमीला धक्का न लावता पडद्यावर कुठेही सरकवता येणारी छोटी आकृती: २४ ठिपके रुंद, २१ उंच, एकूण ६३ बाइट. अशा आठ. शिवाय दोन आकृत्या एकमेकींना भिडल्या की चिप स्वतः कळवणार. गोळी विमानाला लागली की नाही, हे प्रोसेसरने मोजत बसायला नको. चिपच्या पृष्ठभागाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग या आठ आकृत्यांच्या कामी गेला. हाच निर्णय मला सर्वात धाडसी वाटतो. कार्यालयात टायपिंग करणाऱ्या माणसाला स्प्राइटचा काडीचा उपयोग नाही. त्याला ८० खान्यांची ओळ हवी असते. पण त्या वेळी चिप खेळाच्या यंत्रासाठी होती आणि ती खेळासाठीच घडली. नंतर तिच्याभोवती कॉम्प्युटर उभा राहिला तेव्हा तो आपसूक खेळात पटाईत निघाला.

रंगांच्या बाबतीत मात्र काटकसर दिसते. सोळा रंग, तेही कायमचे ठरलेले. अटारीसारखी मोठी पेटी नाही. यानेसने पुढे सांगितलं की रंग आवडीने निवडले, पण जागा वाचवण्यासाठी बरेच रंग आधी निवडलेल्या रंगांच्या वर्तुळातल्या बरोबर समोरचे घेतले, म्हणजे चिपवरचे तेच रेझिस्टर पुन्हा वापरता येतात. कमोडोर ६४ च्या चित्रांतली ती मळकट विटकरी, करडी-निळी छटा आज कुणीही लांबून ओळखतो. तिच्यामागे अशी रेझिस्टरची बचत आहे.

सिड

आवाजाच्या चिपची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण ती बनवणारा माणूस विशीत होता आणि त्याला सिंथेसायझरचं वेड होतं. त्या काळच्या होम कॉम्प्युटरांतल्या आवाजाच्या चिप्स संगीताशी देणंघेणं नसलेल्या लोकांनी बनवल्यात, असं यानेसचं मत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. बहुतेक चिप्स एका ठरावीक सुराची शिट्टी वाजवत. फार तर तिचा आवाज लहान-मोठा करता येई.

यानेसला हवं होतं ते वेगळंच: ३२ आवाज, सगळे एकाच गणिती यंत्रणेतून पाळीपाळीने काढलेले. म्हणजे ऑसिलेटरची, आवाजाची लहर निर्माण करणारी, यंत्रणा एकच, पण ती इतक्या वेगाने फिरते की ३२ वेगळे आवाज एकत्र वाजल्यासारखे ऐकू येतात. १९८१ च्या उत्तरार्धात, दोन-तीन सहकाऱ्यांना घेऊन, सुमारे पाच महिन्यांत हे जमणं शक्य नव्हतं. तेव्हा त्याने एक चालता ऑसिलेटर घेतला आणि त्याचा आराखडा चिपवर तीनदा जसाच्या तसा छापला. सिडमध्ये तीनच आवाज का, या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं आहे.

पण ते तीन आवाज कसे! सूर ठरवायला १६ बिट, म्हणजे स्वरांमधल्या मींडीइतका बारीक फरक काढता येईल अशी अचूकता. चार प्रकारच्या लहरी: त्रिकोणी, करवती, चौकोनी आणि खरखर. चौकोनी लहरीची रुंदी चालू आवाजात बदलता येते. त्यातून तो घट्ट, वळवळणारा नाद येतो ज्यावरून सिड लगेच ओळखू येते. प्रत्येक आवाजाला चढ, उतार, टिकाव आणि विराम असे चार टप्पे. चढ २ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत. एका आवाजाने दुसऱ्याला मुरड घालायची सोय. आणि शेवटी आवाजाचा काही भाग गाळून त्याचा पोत बदलणारा एक अ‍ॅनालॉग फिल्टर, जो तेव्हा खऱ्या, महागड्या सिंथेसायझरमध्येच मिळायचा.

फिल्टर हेच यानेसचं दुखणं ठरलं. डिजिटल चिप बनवण्याच्या कारखान्यात अ‍ॅनालॉग सर्किट छापायचं म्हणजे ट्रान्झिस्टरच्या गुणधर्मांतला किरकोळ फरकही आवाजात उतरणार. तसंच झालं. एका सिडमध्ये फिल्टर उघडा आणि चकचकीत, तर दुसरीत तीच धून रजईखालून आल्यासारखी दबलेली. संगीतकार आपल्या घरच्या मशीनवर धून रचायचा आणि ग्राहकाच्या घरी ती वेगळीच वाजायची. काहींनी फिल्टर वापरणंच टाळलं.

आणखी एक दोष आहे, आणि तो मला फार आवडतो. आवाजाच्या चढ-उताराचा वेग मोजणारा एक १५ बिटांचा मोजक आहे. ठरलेल्या आकड्याशी तो *बरोबर* जुळला की पुढची पायरी. पण मोजक पुढे गेलेला असताना तुम्ही लहान आकडा दिलात, तर जुळणी हुकते आणि मोजकाला पूर्ण फेरी मारून परत यावं लागतं: जवळपास ३३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात सूर एक तर उशिरा उमटतो किंवा दबून जातो. 'इतका किंवा जास्त' अशी तुलना केली असती तर हे टळलं असतं. घाईत राहून गेलं. संगीतकारांनी त्यावर तोड काढली ती अशी: सूर लावायच्या क्षणभर आधी चढ-उताराचे आकडे शून्यावर आणून मोजकाला ताळ्यावर आणायचं आणि मग नवा सूर सोडायचा. ही तोड पुढे संगीताच्या जवळपास प्रत्येक प्रोग्राममध्ये शिरली आणि तिच्यामुळे सुरांना जो टणक ठोका मिळतो तोच लोकांच्या कानात बसला.

कॉम्प्युटर होतो तेव्हा

नोव्हेंबर १९८१ मध्ये चिप्स जवळपास तयार होत्या. ट्रॅमिएलने तेव्हा खेळाच्या यंत्राचा विचार बाजूला टाकला आणि ६४ किलोबाइट मेमरीचा कॉम्प्युटर मागितला. त्या घडीला एवढी मेमरी महाग होती. विक्रीला येईपर्यंत भाव उतरतील हा त्याचा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. सीईएसमध्ये किंमत जाहीर झाली ५९५ डॉलर. बनवायचा खर्च साधारण १३५ डॉलर. प्रतिस्पर्ध्यांचा विश्वास बसेना.

ऑगस्ट १९८२ मध्ये विक्री सुरू झाली आणि दोष वर यायला लागले. पडद्यावर मधूनच बारीक चमचमणारे ठिपके उडायचे. मेमरीचा ताबा प्रोसेसरकडून व्हिक-टूकडे जाताना वायरवर एक क्षणिक उसळी यायची आणि अक्षरांची आकृती साठवलेली रॉम चिप ती खरी मागणी समजून चुकीचा बाइट द्यायची. नमुन्याच्या मशीनमध्ये दुसऱ्या प्रकारची मेमरी बसवलेली होती, म्हणून तिथे हे दिसलंच नव्हतं. चूक सापडल्यावर दुरुस्त झाली.

बॅड लाइनचं दुखणं तसं दुरुस्त होणारं नव्हतं. आधीच्या व्हिक-२० कॉम्प्युटरसाठी कमोडोरचा १५४० हा डिस्क ड्राइव्ह होता. एका चिपमधल्या जुन्या दोषामुळे त्याच्याशी बोलणी एकेक बिट करून, प्रोसेसरच्याच हाताने चालत. ६४ ला तो ड्राइव्ह जोडला आणि घोळ झाला: ड्राइव्ह बिट दाखवतो, नेमकी बॅड लाइन येते, प्रोसेसर ४० मायक्रोसेकंद थिजतो आणि बिट निसटतं. पडदा बंद केला की सगळं सुरळीत, कारण मग बॅड लाइन नाहीत! शेवटी ड्राइव्हचा प्रोग्राम बदलून त्याला जास्त वेळ थांबायला लावलं आणि तो १५४१ म्हणून विकला गेला. वेग सेकंदाला सुमारे ४०० बाइट. चाळीस किलोबाइटचा खेळ चालू व्हायला पावणेदोन मिनिटं. चित्राच्या चिपमधल्या एका तडजोडीचं बिल डिस्कच्या वेगावर फाटलं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर ठरल्या की असं होतंच.

आराखड्यात नसलेलं

या यंत्राचं आयुष्य लांबलं ते चिप्सच्या पुस्तिकेत न लिहिलेल्या गोष्टींमुळे. चिप पडद्याच्या कोणत्या रेषेवर आहे हे प्रोग्रामला कळतं, आणि हव्या त्या रेषेवर प्रोसेसरला टोकताही येतं. मग आठ स्प्राइट पडद्याच्या वरच्या भागात काढून झाले की तेच आठ खालच्या भागात नवे आकडे देऊन पुन्हा वापरायचे. पाहणाऱ्याला सोळा दिसतात, चोवीस दिसतात. एका रेषेवर मात्र आठच.

चित्राभोवतीची रिकामी चौकट चिप एका विशिष्ट रेषेवर सुरू करते: २५ ओळींच्या पडद्याला एक रेषा, २४ ओळींच्या पडद्याला दुसरी, आणि ती रेषा आली का हे ती तुलना करून पाहते. पडद्याची उंची २५ ओळी आहे की २४, हे बरोबर त्या वेळी बदललं तर दोन्ही तुलना हुकतात आणि चौकट उघडीच राहते. तिथेही स्प्राइट फिरवता येतात. काही बहाद्दरांनी तर बॅड लाइन मुद्दाम प्रत्येक रेषेवर घडवून आणली, म्हणजे दर रेषेला नवे रंग. प्रोसेसरच्या हाती मग जवळपास काहीच उरत नाही, पण स्थिर चित्रासाठी त्याची गरजही नसते.

सिडच्या बाबतीत हेच घडलं. एकूण आवाज लहान-मोठा करायचा जो ४ बिटांचा नियंत्रक होता, तो बदलला की स्पीकरमध्ये 'टक्' असा आवाज यायचा. हा दोषच. पण सेकंदाला हजारो वेळा तो बदलला तर त्या टकटकीतून ड्रम उमटतात, माणसाचं बोलणंही. मार्टिन गॅलवे आणि रॉब हबर्ड यांच्यासारख्या संगीतकारांनी या चिपकडून जे काढून घेतलं ते आराखड्यात कुठेच नव्हतं.

आणि इथेच पेच आला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कमोडोरने सिडची नवी आवृत्ती काढली, ८५८०. १२ ऐवजी ९ व्होल्टवर चालणारी, फिल्टर सरळ आणि प्रत्येक नगात सारखा, 'टक्' जवळपास नाहीसं. इंजिनिअरिंगच्या नजरेने उत्तम काम. पण जुने खेळ त्यावर लावले की ड्रम गायब, बोलणं कुजबुजीसारखं. दोष काढला तसं त्यावर उभं असलेलं संगीतही गेलं. शौकीन मग बोर्डवर एक रेझिस्टर डाखून तो दोष परत आणू लागले. आज सिडची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी ६५८१ हवी की नवी ८५८० असा पर्याय असतो, तो याचमुळे. माझ्या मते कमोडोरने जुनी चिप तशीच ठेवायला हवी होती. पण कारखान्याची प्रक्रिया बदलत होती, तेव्हा त्यांच्याही हातात फारसं नव्हतं.

पुढे

धंद्याच्या बाजूने प्रकरण लवकर आटोपतं. १९८३ मध्ये ट्रॅमिएलने किंमत भराभर उतरवली आणि ऑक्टोबरमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने होम कॉम्प्युटरमधून काढता पाय घेतला. कॅल्क्युलेटरचा हिशोब चुकता झाला. जानेवारी १९८४ मध्ये ट्रॅमिएल स्वतःच कमोडोर सोडून गेला. ६४ मात्र १९९४ साली कंपनी बुडेपर्यंत विकला जात होता. एकूण विक्रीचे अंदाज साधारण सव्वा कोटीपासून एक कोटी सत्तर लाखांपर्यंत आहेत.

चिप्स बनवणारे ट्रॅमिएलच्याही आधी निघून गेले होते. शार्पेंटिए, यानेस आणि त्यांचा सहकारी ब्रूस क्रॉकेट यांनी जी कंपनी काढली ती पुढे एन्सोनिक म्हणून वाद्यांच्या दुनियेत नावारूपाला आली. त्यांच्या मिराज या सॅम्पलरमध्ये, म्हणजे खरे आवाज साठवून वाजवणाऱ्या वाद्यात, यानेसची नवी चिप होती. तिच्यात पाळीपाळीने चालणारे ३२ ऑसिलेटर होते, सिडमध्ये न जमलेलेच ते. तीच चिप १९८६ साली अ‍ॅपलने आपल्या टू-जीएस या कॉम्प्युटरमध्ये बसवली. कमोडोरकडे कारखाना राहिला, पण १९८५ साली तिने अमिगा आणला तेव्हा त्यातल्या चित्राच्या आणि आवाजाच्या चिप्सचा आराखडा कॅलिफोर्नियातल्या एका विकत घेतलेल्या कंपनीत झालेला होता. तिथला प्रमुख जे मायनर. त्याच्याच हाताखाली अटारी ४०० आणि ८०० च्या चिप्स घडल्या होत्या, ज्या जानेवारी १९८१ मध्ये नॉरिस्टाउनच्या मंडळींनी समोर ठेवून अभ्यासल्या होत्या.